एकाच हापशाचं पाणी

मोर्जिना तळहाताच्या कातडीवर उठलेले टणक खडे विटेच्या तुकड्यानं घासत होती. रक्त आलं, खडे गेले नाहीत. ओसरीवर पुंटी मासे साफ करत बसलेल्या तिच्या सासूनं, जोहराबीबीनं, तोंड फिरवलं.

"घासून जाणारं असतं तर कधीच गेलं असतं. आवर आता. माहेरी जायची नाव सुटेल."

"आम्मा, हा महारोग नाही. आपल्या हापशात आर्सेनिक आहे. पाणी तपासणारे उगाच त्याला लाल रंग मारून गेले का?"

"तेच पाणी आम्हीही पितो. मला काय झालंय? तुझ्या नवऱ्याला काय झालंय?"

हे विष कुणाच्या अंगातून लघवीवाटे लवकर निघून जातं, कुणाच्या अंगात मुरत राहतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मोर्जिनानं ते घरात सांगून पाहिलं होतं. तेव्हा जोहराबीबी हसली होती, "म्हणजे पाणीसुद्धा माणूस बघून बाधतं म्हण."

आज ती हसली नाही.

"सालेहाला बघायला शुक्रवारी माणसं येतायत. तू दिसलीस तर अंगणातूनच माघारी जातील. मलाही लेक आहे गं."

तोफज्जल बायकोचं गाठोडं डोक्यावर घेऊन घाटापर्यंत आला. वाटेत एकदाच बोलला.

"सालेहाचं लग्न झालं की न्यायला येतो."

तिनं मान हलवली. अलीकडे तो तिच्या हातून पाण्याचा पेलाही घेत नसे. खाली ठेव म्हणे. किळस येत असेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

नावेला लावलेली फळी ओली होती. मोर्जिनाचा पाय सरकला आणि तोफज्जलनं पटकन तिचा हात धरला. तिनं तो सोडला नाही. उलटा करून पाहिला. तळव्यावर ब्लेडनं तासलेले खडे होते. काही ताजे.

"कधीपासून?"

"तुझ्या हाताला उठायच्या आधीपासून." त्यानं हात ओढून गमछ्याखाली घेतला. "मोर्जिना, घरी कुणाला..."

घाटावर गावातली चार माणसं होती. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याचा गमछा मनगटापर्यंत नीट ओढला.

"मशिदीच्या हापशाचं पाणी आणून पीत जा. ते चांगलं आहे."

"रोज घागर घेऊन तिकडं गेलो तर लोक विचारतील, कशाला म्हणून."

नावाड्यानं दोर सोडला. मोर्जिना आत गेली आणि काठाकडे पाठ करून बसली.