हात लावायचा परवाना

सोलापूर स्टेशन आलं तसं कुंडलिकने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि वरच्या फळीवर अंग चोरून पडून राहिला. खाली हमालांची हाकाटी चालली होती. गाडी हलली तेव्हाच त्याने तोंड बाहेर काढलं. पुढच्या होटगीला उतरायचं, दिवस तिथेच काढायचा आणि अंधार पडला की उलट गाडीने सोलापुरात शिरायचं, असा बेत त्याने विमानातच ठरवला होता. विमानाने आलेला माणूस स्वतःच्या गावात चोरासारखा शिरणार होता.

कारणही तसंच होतं. दुष्काळ सरल्यावर, दीड वर्षापूर्वी, याच स्टेशनवर त्याला निरोप द्यायला बँड आला होता. मुंबईला फिजिओथेरपी शिकून सोलापूरच्या दवाखान्यात लोकांचे आखडलेले सांधे हलते करणारा शेतकऱ्याचा पोरगा अमेरिकेला चालला, ही काय लहान गोष्ट झाली? थोरल्या भावाने, बाळासोने, गळ्यात हारांचा ढीग घातला होता. नंतर त्याने सोलापुरात सात रस्ता चौकात गाळा घेऊन पाटीसुद्धा रंगवून ठेवली. कुंडलिकचं नाव, आणि नावापुढे कंसात 'अमेरिका'.

तिकडे गेल्यावर कळलं, मुंबईचा डिप्लोमा पुरत नाही. त्यांच्या हिशेबात इंग्रजी वाङ्मय, इतिहास असले विषय कमी पडत होते. गुडघ्याचा आणि कवितेचा काय संबंध, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. ते विषय संध्याकाळच्या कॉलेजात भरून काढायचे, मग परीक्षा, मग परवाना. तोवर मदतनीस. पेशंटच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायच्या, टॉवेलांच्या घड्या घालायच्या, पण पेशंटला हात लावायचा नाही. इंग्रजीतच तो दोनदा आपटला. राहायची मुदत संपली. घरी मात्र 'सगळं झकास आहे' असंच कळवत राहिला.

होटगीच्या फलाटावर कडेच्या बाकावर तो घोंगडी पांघरून बसला. थंडीचे दिवस होते, त्यामुळे कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं.

"ही घोंगडी आमची हाय की!"

कुंडलिक दचकला. समोर बिरप्पा उभा होता. मैंदर्गीचा हा म्हातारा धनगर शेळ्यांना पाला काढताना कडुलिंबावरून पडला होता. प्लास्टर निघाल्यावर आखडलेला त्याचा हात कुंडलिकनेच कानापर्यंत आणला होता; पुरता वर जायचा तेवढा राहिला होता. 'तिकडं थंडी लई' म्हणून ही घोंगडी बिरप्पानेच स्टेशनवर आणून दिली होती.

"डाक्टर! तुमी हितं कुटं?"

"सुट्टीवर आलोय, मामा." खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याचीच त्याला लाज वाटली. "तुम्ही?"

"लेकीकडं आलोय. जावाई हितं रेल्वेच्या लायनीवर कामाला हाय. देव भेटल्यावानी भेटला बगा. आता हाताचं तेवडं बगा."

त्याने हात उचलला. तो छातीपर्यंतही आला नाही.

"मामा, हे काय? कानाला लागायचा की! दवाखान्यात जात न्हवता?"

"नवी बाई हाय तितं. चांगली हाय. पर म्याच नगं म्हनलं. तुमीच म्हनला हुता न्हवं, गाडीत बसताना? तिकडनं नवं शिकून येतो, मग बगा हात कसा पळतो. म्हनलं, मग जुनं कशापायी? थांबलो."

म्हणाला होता खरा. हारांच्या आणि बँडच्या भरात बोलून गेला होता. बोलणाऱ्याचं काय जातं? इथे या माणसाचा हात जायची वेळ आली होती. कुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, नवं काही शिकलो न्हाय मी. तिथं मला कुणाला हातच लावू देत नव्हते."

बिरप्पा शेजारी बसून हळूच म्हणाला, "जात इचारली व्हय?"

"जात न्हाय हो. परीक्षा. नापास झालो मी. सुट्टी कसली, कायमचाच आलोय."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून मोकळं वाटेल म्हणतात, तसं काही वाटलं नाही. घोंगडीत तोंड खुपसावंसं वाटलं.

बिरप्पाने सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, खांदा उघडा केला आणि आखडलेला हात कुंडलिकच्या मांडीवर ठेवला.

"लावा हात. हितं कोन इचारतंय तुमाला?"

कुंडलिकने घोंगडी बाजूला ठेवली. एक तळवा खांद्यामागच्या फऱ्याच्या हाडावर दाबून दुसऱ्या हाताने त्याने कोपर पेललं. हळूहळू हात वर जाऊ लागला, अडला, थोडा सैल पडला, पुन्हा वर निघाला.

"यव्वा गं!" बिरप्पा कळवळला.

ओरडणं ऐकून चहावाला धावत आला, त्याच्यामागे हमाल, त्यांच्यामागे आणखी चारजण.

"आरं, हे तर अमेरिकेला गेलेलं डाक्टर! पेपरात फोटू आला हुता की!" हमाल म्हणाला.

"मग ह्यो अमेरिकेचा उपचार हाय व्हय, डाक्टर?" चहावाल्याने विचारलं.

सगळे उत्तराची वाट बघत होते. बिरप्पाने डोळे मिटून घेतले होते. कुंडलिकने हो म्हटलं असतं तरी तो काही बोलला नसता. कुंडलिकचे कान तापले. उठून जावं तर हातात कोपर होतं, आणि एकदा हा हात तो अर्ध्यावर सोडून गेला होता.

"न्हाय," मान वर न करता तो म्हणाला. "हितलाच हाय. तिथं मी नापास झालो."

त्याने कोपर आणखी थोडं वर नेलं.