घुम्याचा हात

घुम्या गेल्याचं भोंग्याला कळलं ते दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवताना. फोन पोस्टमनचा होता. पोस्टमन निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी निरोप देण्याची त्याची पद्धत सुटलेली नव्हती. पाकीट हातात ठेवावं आणि चालू लागावं, तसं त्याने सांगितलं की घुम्या गेला, सकाळी छातीत कळ आली, आणि फोन ठेवून दिला. भोंग्याने गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या पायातही बूट चढवला, जरा चालून बघा म्हणाला, आणि मागच्या खोलीत जाऊन खोक्यांच्या ढिगाआड ढसाढसा रडला.

आता भोंगा कोण आणि घुम्या कोण हे सांगायला हवं. एके काळी चौघांचा एक बँड होता. बँड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच काही येतं. तसलं काही नाही. आठवडाभर आपापली नोकरी रेटायची आणि शनिवारी संध्याकाळी कुठल्या तरी पबच्या कोपऱ्यात वाजवायचं, अशी ही हौशी माणसं. भोंगा गायचा. गळ्यापेक्षा आवाज मोठा, म्हणून भोंगा. पोस्टमन बेस गिटार वाजवायचा. गिटारवाला पुढे परदेशी गेला आणि तिकडेच संपला. आणि ड्रम्सवर घुम्या. दिवसा तो बस डेपोत मेकॅनिक होता आणि त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला नट काढण्यातला प्रकार. कसा आहेस विचारलं तरी असा बघायचा, जणू कुणी त्याच्याकडे किडनी मागितलीय.

पण काय दिवस होते ते! गोदामाच्या मागचा पब आठवला की भोंग्याला अजून अंगात वारं शिरल्यासारखं व्हायचं. बिअरने चिकट झालेली फरशी, चालताना चपला चटाचटा उचलायच्या. रिकाम्या क्रेटवर फळ्या टाकून केलेलं स्टेज, त्यातली एक फळी कायम हलणारी. माईकला आधीच्या शनिवारच्या गायकाच्या तोंडाचा वास. समोर पन्नास-साठ डोकी, त्यातली निम्मी पाठ करून गप्पा मारणारी. आणि तरीही तिसऱ्या-चौथ्या गाण्याला एक क्षण असा यायचा की सगळे वळायचे, आणि भोंग्याला वाटायचं, आपण बूट विकायला जन्माला आलेलो नाही. त्या एका क्षणावर त्याने उरलेलं सगळं आयुष्य काढलं, खोटं कशाला बोला. आता तिथे गाद्यांचं शोरूम आहे. भोंगा एकदा आत जाऊन उगाच एका गादीवर बसून आला होता.

अंत्यविधी झाल्यावर दोन-चार दिवसांनी घुम्याची मुलगी दुकानात आली. भोंग्याने तिला शेवटचं बघितलं तेव्हा ती आईच्या पदराआड होती. आता केसांत पांढरं दिसत होतं. बूट घालून बघायच्या बाकावर ती बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. शोकसभा रविवारी आहे म्हणाली. मग बराच वेळ बोलेना. बापाची लेक, भोंग्याच्या मनात आलं.

शेवटी तिने जे सांगितलं ते ऐकून भोंगा चरकला. घरात बाबा कधी बोललेच नाहीत, म्हणाली. खुर्ची असते, कपाट असतं, तसे ते असायचे. ती लग्न करून निघाली तेव्हा बोलले नाहीत, नवऱ्याला सोडून परत आली तेव्हाही नाही. तिला त्यांचा राग होता, आणि तो राग अजून तसाच होता, ते मेले म्हणून काही कमी झाला नव्हता. ड्रम्स घरी कधी आलेच नाहीत, खोली लहान, शेजारी तक्रार करतील. सगळा संच पबच्या मागच्या खोलीतच असायचा. आई तिला कधी पबमध्ये नेऊ देत नसे. आणि घरी तर या माणसाने कधी टेबलावर साधी बोटंही वाजवली नाहीत.

"लोक येऊन सांगतात, तुझे बाबा काय वाजवायचे!" ती म्हणाली. "काका, मला ते ऐकायचंय. एकदा तरी. नाहीतर मी त्या सभेत कुणासाठी रडू?"

भोंग्याची छाती फुगली. हेच एक काम असं होतं की ते त्याच्याशिवाय कुणालाच जमणार नव्हतं. बँडचा मिक्सर त्याचा होता. म्हणजे सगळ्या तारा जिथे येतात ते बटणांचं खोकं. त्याची बायको मात्र, घरात वाटायला मिक्सर नाही आणि हे कसले मिक्सर आणताय, असं आयुष्यभर ऐकवत आली. त्याच मिक्सरला टेपरेकॉर्डर जोडून भोंग्याने बँडचा जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम उतरवून ठेवला होता. खोकंभर कॅसेट्स. अगं रडतेस काय, तो म्हणाला, तुझा बाप माझ्या कपाटात बसलाय, उद्या दुपारी ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद असायच्या वेळेत त्याने शटर अर्धं ओढलं. घरचा कॅसेट प्लेअर बारक्या आवाजाचा, म्हणून शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून मोठा मागून आणला होता. मुलगी कालच्याच जागी बसली. भोंग्याने त्यातल्या त्यात चांगली कॅसेट निवडली, जिच्यात घुम्याने एकट्याने वाजवलेला मोठा तुकडा होता, ज्यावर पब दणाणला होता. बटण दाबताना तो म्हणाला, घट्ट धरून बस.

आधी खरखर. मग भोंगा.

नुसता भोंगा. उघडाबोडका, कपडे उतरवून चौकात उभा केल्यासारखा. श्वास ऐकू येतोय, थुंकी ऐकू येतेय, वरचा सूर खाली घसरतोय तेही ऐकू येतंय. मागे काहीच नाही. गिटार कुठेतरी लांब डास गुणगुणावा तशी. दोन मिनिटं गेली. भोंगा प्लेअरकडे बघत राहिला आणि मुलगी भोंग्याकडे.

"यात बाबा कुठे आहेत?"

त्याने आवाज वाढवला. भोंगा आणखी मोठा झाला. मुलीने उठून स्पीकरला कान लावला, आणि म्हणाली की लांब कुणीतरी भिंतीत खिळा ठोकतंय असं वाटतंय, ते का? भोंग्याने कॅसेट बदलली. दुसरीत तेच, तिसरीत तेच. ज्या तुकड्यावर पब दणाणला होता तिथे टेपवर खरखर होती, ग्लासांचा किणकिणाट होता आणि मधूनच भोंगा माईकमध्ये "वा, वा" म्हणत होता.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पब केवढासा! ड्रम्सना तिथे माईक लावायची गरजच नव्हती, ते असेच कान फाडायचे. मिक्सरमध्ये जायची ती फक्त भोंग्याच्या माईकची तार. आणि टेपरेकॉर्डर मिक्सरला जोडलेला. म्हणजे जे तारेतून आलं तेवढंच टेपवर उतरलं. इतकी वर्षं भोंगा या कॅसेट्स ऐकत होता, दर महिन्या-दोन महिन्यांनी, दार लावून. पण ऐकत होता स्वतःला, आणि ड्रम्स त्याचे कान आपोआप भरून घ्यायचे, कारण तो तिथे होता. टेपवर घुम्या नाही हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं. एवढा गाढवपणा गाढवालाही जमला नसता.

त्याने मुलीला हे सगळं समजावून सांगितलं. तिने मान हलवली. रडली नाही, चिडलीही नाही. फक्त म्हणाली, असू दे, तिथेही नाहीत म्हणायचे. ते ऐकून भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पर्स उचलून निघाली आणि शटरखाली वाकता वाकता थांबली. तुम्हीच सांगा मग, म्हणाली, कसे वाजवायचे?

एक नंबर, भोंगा म्हणाला. जबरदस्त. तोड नव्हती.

"म्हणजे कसं?"

ज्या माणसाला गप्प कसं बसावं हे उभ्या आयुष्यात कळलं नाही, त्याच्या जिभेला गाठ पडली. तो नुसता हात हवेत हलवत राहिला. ती परत आत आली, बाकावर बसली आणि म्हणाली, सांगता येत नसेल तर वाजवून दाखवा. थोडंसं. कसंही.

आता नाही म्हणायची सोय नव्हती. भोंग्याने फळीवरून गमबुटांचं मोठं खोकं काढलं, लहान मुलांच्या सँडलचं छोटं काढलं, दोन्ही उलटी करून काउंटरवर मांडली. डोळे मिटले. म्हणाला, हं. आणि हात कुठून तरी सुरू झाले. डाव्या हाताने छोट्या खोक्याच्या कडेवर दोन ठोके, मग श्वासभर थांबणं, मग मोठ्या खोक्यावर तीन भरभर, आणि पुन्हा कडेवर दोन. जमलं की! त्याला स्वतःलाच नवल वाटलं. सगळं दिसू लागलं होतं: मनगटाचा झटका, ठोक्याआधी किंचित उचललेला खांदा, कपाळावर चिकटलेले ओले केस. डोळे उघडले तर मुलगी तोंडावर हात दाबून बसलेली, डोळ्यांतून धारा, आणि दुसऱ्या हातात त्याच्या दिशेने धरलेला फोन.

आणि त्याच वेळी भोंग्याला कळलं की ते केस सोनेरी होते.

घुम्याला टक्कल होतं. पंचविशीपासून. हा हात सोनेरीचा होता. सोनेरी म्हणजे दुसऱ्या बँडचा ड्रमर, केस रंगवून यायचा, ज्याच्या नावाने ही चौकडी बोटं मोडायची. एका शनिवारी हे, तर दुसऱ्या शनिवारी ते लोक वाजवायचे, आणि भोंगा पबच्या काउंटरला टेकून, हातात ग्लास घेऊन, जळत जळत सोनेरीला समोरून बघायचा. गावातल्या प्रत्येक ड्रमरला त्याने समोरून बघितलं होतं. फक्त एकाला नाही. आपल्या स्टेजवर तो पुढे उभा असायचा, तोंड लोकांकडे, आणि घुम्या मागे. इतक्या शनिवारांत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. वळायची गरजच काय, ठेका चुकत नव्हता ना!

हात थांबले.

"थांबू नका ना," मुलगी म्हणाली. "काका, प्लीज."

आणि भोंग्याने वाजवलं. खोकं फाटेपर्यंत वाजवलं.

रविवारपर्यंत तो जेवणाचा डबा तसाच घरी परत आणत राहिला. बायकोने विचारलं तर खेकसला. खरं सांगावं असं त्याला दिवसातून दहा वेळा वाटायचं, आणि दहाही वेळा डोळ्यांसमोर तोंडावर हात दाबून बसलेली ती यायची. फोन हातात घेऊन तो पुन्हा ठेवायचा. हळूहळू त्याने सगळा भार पोस्टमनवर टाकला. पोस्टमन सभेला येणारच होता. हा माणूस भिडेखातर कधी काही बोलला नाही. भोंग्याच्या लग्नात, भर मांडवात, तू आज बेसूर गायलास असं नवरदेवाला सांगणारा हाच. आणि त्याची जागा स्टेजवर घुम्याला खेटून असायची. बेस आणि ड्रम्स म्हणजे एका जोखडाचे बैल. तो ऐकेल, उठेल आणि सगळ्यांदेखत म्हणेल, हा घुम्या नव्हे. शोभा व्हायची ती होईल, पण मग पोस्टमनच तिला खरा ठेका दाखवेल. भोंग्याला त्या फजितीची भीती वाटत होती, आणि देवाशप्पथ, तो तिची वाटही बघत होता.

सभागृहात पन्नासेक खुर्च्या आणि तीसेक माणसं. डेपोतले लोक आले होते, त्यांनी घुम्या कसा वक्तशीर होता हे सांगितलं. मग मुलगी उठली. मला बोलता येत नाही, म्हणाली, बाबांनाही येत नव्हतं. तिने समोरचं टेबल माईकजवळ ओढलं आणि हातांनी वाजवायला लागली. रात्रंदिवस सराव केला असावा. कडेवर दोन, थांबणं, तीन भरभर. खांदासुद्धा तसाच किंचित उचलत होती. लोक आधी गोंधळले, मग माना हलवू लागले. डेपोतल्या एका म्हाताऱ्याने पायाने ठेका धरला. ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम, आणि हात चुकत नव्हते.

भोंगा मान खाली घालून बसला. शेजारी पोस्टमन. आता उठेल, भोंग्याने मनाशी म्हटलं. आता.

पोस्टमनने भोंग्याचा हात पकडला.

"हाच," तो म्हणाला. डोळे मिटलेले, गालांवर पाणी. "अगदी हाच हात रे त्याचा. कुठेही ओळखला असता मी."

भोंग्याने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. कुठे दया दिसते का, मेहेरबानी दिसते का. नव्हती. पोस्टमनला खोटं बोलता येत असतं तर त्याचं निम्मं आयुष्य सोपं गेलं असतं. तो खरंच ओळखत होता. म्हणजे त्याच्याही डोक्यातून घुम्या पुसला गेला होता, कधी ते त्याला कळलंही नव्हतं, आणि आत्ता, या क्षणी, त्या रिकाम्या जागेत सोनेरी येऊन बसला होता. गिटारवाला मेला. पब नाही. टेपवर भिंतीत ठोकलेला खिळा. घुम्याने जे काही वाजवलं, शनिवारमागून शनिवार, अंगाचं पाणी करून, त्यातला एक ठोकासुद्धा आता पृथ्वीवर कुठे नव्हता.

सभा संपल्यावर मुलगी गर्दीतून वाट काढत थेट त्याच्याकडे आली. तळवे लाल झाले होते. चेहरा मात्र असा की भोंग्याने तिला इतकं हलकं झालेलं या दिवसांत बघितलं नव्हतं.

"काका, कुठे चुकलं का हो?"

भोंग्याने पोस्टमनकडे बघितलं. पोस्टमन रुमालात नाक शिंकरत होता.

"नाही गं," भोंगा म्हणाला. "कुठेच नाही."