चौदा नंबरची लाइन

वसुमतीअक्का सव्वीस वर्षे डॉक्टर रामस्वामींच्या दवाखान्यात टेलिफोनच्या बोर्डवर बसत होती. तिला चुकवून आत कोणाला फोन लागला, असे या काळात एकदाही घडले नव्हते. आधी तिचा आवाज, मग तिचा प्रश्न, कोण पाहिजे, काय काम. उत्तर मनाला पटले तरच पुढची लाइन. तंजावुरातले निम्मे लोक डॉक्टरांना भीत नसतील एवढे तिला भीत.

शहाण्णव साली डॉक्टरांना यंत्राचा सोस लागला. मद्रासच्या कुठल्याशा दवाखान्यात म्हणे फोन माणूस घेतच नाही, यंत्र घेते. झाले, जूनमध्ये यंत्र बसवणारा गणेशकुमार खोके घेऊन हजर. हाही अक्कासारखाच राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतला. घरची मराठी त्याला सगळी कळे, बोलताना मात्र अधूनमधून तमिळचा टेकू लागे. त्याने अक्काचाच आवाज तमिळमध्ये भरून घेतला. डॉक्टरांसाठी एक दाबा, औषधांसाठी दोन, खोलीचा नंबर ठाऊक असेल तर तोच फिरवा, कृपया थांबा. अक्का घडाघड बोलली. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतोय हे तिला समजत होते, पण रडेल ती अक्का कसली.

"अक्का, खोल्यांचं कसं करू?" गणेशने विचारले. "विचारून जोडू, की न विचारतां? विचारून मणजे, यंत्र आधी पेशंटला सांगणार, फोन आलाय, घेतां का. न विचारतां मणजे थेट नेऊन सोडणार."

"सोड थेट," अक्का फणकारली. "आतां मज कोण विचारतंय, तर यंत्रानं कोणास विचारावं?"

रागाच्या भरात माणूस जे बोलतो ते देव आधी ऐकतो. वरच्या मजल्यावर, चौदा नंबरच्या खोलीत, तिचाच नवरा झोपला होता. सीतारामरावांना हृदयाचा झटका येऊन आठ दिवस झाले होते. जीव वाचला होता. आता चार दिवस जपा, मग घरी न्या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मूलबाळ नाही, मागे कोणी नाही. चाळीस वर्षांचा संसार त्या एका खाटेवर होता.

यंत्र सुरू झाले त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ती कॉफीचा डबरा, म्हणजे वाटी-पेला, घेऊन वर गेली. सीतारामराव टक्क जागे होते, आणि हसत होते.

"अण्णाचा फोन आलता," ते म्हणाले. "कालव्याला पाणी सोडलेत मणे. ये म्हणाला."

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ श्रीनिवासराव. गावच्या शेतात, पाणी यायच्याच दिवसांत, बांधावर बसल्या बसल्या गेले होते. त्याला सहा वर्षे झाली होती. औषधाच्या गुंगीत माणसाला काय काय ऐकू येते, असे म्हणून अक्काने त्यांच्या पायावर पांघरूण ओढले. पाय गार होते.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा फोन. पाणी नारळीच्या बागेपर्यंत आले होते. अक्काने पांघरूण वर केले, तर तळव्यांची कातडी सुरकुतली होती, घटकाभर पाण्यात उभे राहिल्यावर सुरकुतते तशी. तिसऱ्या दिवशी पाणी बांधाला लागले. "उद्यां शेतांत सोडणार," सीतारामराव म्हणाले. "मी नसलों तर कसं? उद्यां जातोंच." त्यांच्या अंगठ्याच्या नखात काळा चिखल होता. खाटेवरून ते दहा-अकरा दिवसांत उतरले नव्हते.

अक्का तशीच जिना उतरली. तिने गणेशकडून यंत्राने छापलेली, आलेल्या फोनांची पट्टी काढून घेतली. तिन्ही दिवस तीन वाजता चौदा नंबरला फोन होता. कुठल्या लाइनवरून आला, त्या रकान्यात काहीच नव्हते.

"बाहेरचा नाही, आतलाही नाही," गणेश डोके खाजवत म्हणाला. "चौदाचा फोनच काढून ठेवूं?"

"काढलास तर काय होईल?"

"कोणी घेतला नाही तर तो नर्सच्या टेबलावर जातो. ती जाऊन पेशंटला उठवेल."

अक्का बोर्डापुढे बसून राहिली, आणि तिला ते मुके फोन आठवले. सहा वर्षे, अधूनमधून, दुपारी तीनला बोर्डवर फोन येई. ती विचारी, कोण पाहिजे. पलीकडे कोणी बोलत नसे. फक्त घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग लाइन बंद. तारांचा दोष समजून ती विसरून जाई.

त्यांच्या घरात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नसे. मान राखायची ती रीत होती, भांडण नव्हे. अण्णा दारात येत, घसा खाकरत, आणि ती समोर उभी असली तरी खांबाकडे बघून म्हणत, "काप्पी पाहिजे, म्हणून सांगा." चौतीस वर्षांत त्यांनी तिच्याशी थेट एक शब्द उच्चारला नाही. मग मेल्यावर तरी ते रीत कशी मोडतील? घरी फोन नव्हता. भावाला निरोप द्यायचा तर हाच नंबर त्यांना ठाऊक, आणि या नंबरवर भावजय बसलेली. सहा वर्षे ती वाटेत बसली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. यंत्राने वाट मोकळी केली. आता कोणाशी बोलायला नको, नुसते चौदा फिरवायचे. आणि न विचारता थेट सोड, हे तिनेच सांगितले होते.

ती रडली. मग तोंड धुऊन आली आणि गणेशला म्हणाली, "चौदाचा प्रत्येक फोन मजकडे फिरव. यंत्राकडून काढ. मी विचारून जोडीन."

गणेशने लगेच जोडणी बदलली. तोही त्याच गल्लीतला होता, असल्या गोष्टींचे कारण विचारत नाहीत हे त्याला ठाऊक होते.

चौथ्या दिवशी तीनला दिवा लागला. अक्काने पदर खांद्यावरून घेतला, जसा अण्णांची चाहूल लागताच घेई, आणि रिसीव्हर उचलला. दूर कुठेतरी पाणी वाहत होते. जवळ कोणीतरी घसा खाकरला.

"भावोजी," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलत होती. "मी वसुमती. त्यांस आत्तां नेऊ नका. मज दुसरं कोणी नाही. पाणी पुढल्या वर्षीही येतं, त्याच्या पुढल्या वर्षीही येतं. त्यांची वेळ झाली की मीच जोडून देईन. माझ्या हातानं. तोंवर मज विचारल्याशिवाय वर जाऊं नका."

पाणी वाहत राहिले. लाइन बंद झाली तर ते रागावून दुसरी वाट शोधतील, या भीतीने तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

मग खट्ट आवाज झाला आणि यंत्र बोलू लागले. आवाज तिचाच होता, भरून घेतलेला, स्पष्ट आणि थोडा फणकाऱ्याचा. पण तिने तमिळमध्ये भरून दिला होता, आणि हा घरच्या मराठीत बोलत होता.

"थांबतों, म्हणून सांगा."

सीतारामराव पाचव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेले. पाय कोरडे होते. अण्णांचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

बाकी सगळ्या खोल्यांचे फोन यंत्र जोडते. बोर्डवरचा चौदाचा दिवा तेवढा त्या दिवसापासून विझलेला नाही. गणेशने दोनदा तारा बदलून पाहिल्या, मग नाद सोडला. डॉक्टरांनी अक्काला दोनदा सांगून पाहिले की आता बोर्डवर बसायची गरज नाही. ती हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी येऊन बसते. वचन दिलेला फोन आहे, तिलाच जोडायचा आहे.