रिकामी ठेवलेली खुर्ची

मेमोरियल डेच्या, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या सकाळी आर्लीन कुबिचेकने पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिसऱ्यांदा इस्त्री फिरवली, आणि तिसऱ्यांदाही त्यावर सुरकुती आहे असं तिचं ठाम मत झालं. सात वर्षं हे काम तिच्याकडे होतं. दुसऱ्या कोणी त्याला हात लावला असता तर तिने त्या हाताला चटका दिला असता.

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दाराजवळ एक छोटं गोल टेबल मांडत. एकाच माणसाचं. त्यावर हा टेबलक्लॉथ, एक गुलाब, बशीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, एक पालथा ग्लास आणि तिच्या मुलाचा, ट्रॅव्हिसचा, गणवेशातला फोटो. खुर्ची पुढे कलती करून टेबलाला टेकवलेली. तिच्यावर कोणी बसायचं नाही, हे अख्ख्या गावाला पाठ होतं.

ती खुर्ची बघितली की आर्लीनचं डोकं फिरे. पुढे कललेली! तिचा पोरगा जन्मात कधी पुढे कलून बसला नव्हता. मागच्या दोन पायांवर झुलत बसायचा, आणि झुलून झुलून स्वयंपाकघराच्या जमिनीत त्याने दोन खळगे पाडले होते. ‘चारही पाय जमिनीवर!’ असं अठरा वर्षं ओरडून तिचा घसा बसला. मग तेविसाव्या वर्षी तो कंदाहारजवळच्या एका रस्त्यावर मेला, आणि ओरडायला घरात फक्त नवरा उरला. लेनर्डला ओरडण्यात काही राम नव्हता. तो आधीच कानातलं यंत्र काढून ठेवायचा.

हॉल भरला. दीडशे माणसं, भाजलेलं डुक्कर, आंबट कोबी, कोलाचे नावाचे खसखशीचे गोड पाव. पुढच्या टेबलावर पांढऱ्या फिती बांधलेल्या दोनच खुर्च्या होत्या, शहिदाच्या कुटुंबासाठी. एक आर्लीनची, एक लेनर्डची.

दोनच का, हे फक्त तिला आणि गॉर्डन टेप्लीला ठाऊक होतं. गॉर्डन हॉलचा प्रमुख, व्हिएतनामला जाऊन आलेला, शाळेत तिच्याच वर्गातला. मार्चमध्ये त्याने फोन केला होता.

“आर्लीन, घरच्यांची ताटं किती?”

“दोन.”

“आणि शॉना? पोरगी?”

“शॉनाने दोन वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलंय. जिथे नाव लावलंय तिथे जेवेल,” असं म्हणून तिने फोन आपटला होता. त्या लग्नाच्या दिवसापासून ती सुनेशी एक अक्षर बोलली नव्हती. आणि सुनेवरचा राग काढताना नातही गेली, हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. एकीला बंद केलेलं दार दुसरीला कसं उघडायचं?

गॉर्डनने कागद हातात घेऊन दरवर्षीचं वाचायला सुरुवात केली. लिंबू कडू नशिबाचं, मीठ घरच्यांच्या आसवांचं, ग्लास पालथा कारण तो आता आपल्याबरोबर पिऊ शकत नाही. “ट्रॅव्हिस, आम्ही तुला कधीही विसरणार नाही,” असं म्हणून त्याने डोळे टिपले. खोटं नव्हतं ते. दर शुक्रवारी तो ग्लास गॉर्डन स्वतःच्या हाताने पुसायचा.

लोक ताटं वाढून घेऊन बसले, तेवढ्यात दार उघडलं. शॉना आत आली. बरोबर आठ वर्षांची जोसी, वेणी सुटलेली, गुडघ्यावर खपली. कान अगदी ट्रॅव्हिसचे, कपाच्या दांड्यांसारखे बाहेर आलेले.

सगळ्यांना अचानक आपापल्या ताटातल्या कोबीत फार रस वाटू लागला. ‘ये, बस’ म्हणायला एक जीभ हलली नाही. सगळे चोरून आर्लीनच्या तोंडाकडे बघत होते, आणि आर्लीन दगडासारखी बसली होती.

“आम्ही जेवायला नाही आलो,” शॉना दारातूनच म्हणाली. “हिला शाळेत बाईंनी सांगितलं, तुझ्या बाबांची खुर्ची आहे तिथे. तेव्हापासून डोकं खातेय माझं. बघते आणि जातो आम्ही.”

पण जोसीने नुसतं बघितलं नाही. तिने खुर्ची सरळ केली, ओढली आणि बसली. फोटोकडे पाहिलं. मग लिंबाची फोड उचलून चावली आणि तोंड वाकडं केलं.

“ए! ए पोरी!” गॉर्डन मागच्या स्वयंपाकघरातून धावत आला आणि त्याने तिचा दंड धरला. “ऊठ आधी! तिथे बसायचं नाही! कोणाची गं ही मुलगी?”

कोणाची गं ही मुलगी. आर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कधीही विसरणार नाही म्हणे! ग्लास घासूनपुसून ठेवतात, आणि ज्याचा ग्लास त्याची लेक ओळखू येत नाही.

“ट्रॅव्हिसची,” शॉना म्हणाली. मान ताठ होती.

गॉर्डनने हात मागे घेतला. “असं होय... माफ कर हं, बेटा. पण ही खुर्ची रिकामीच ठेवायची असते. घरची माणसं ना, तिकडे पुढे बसतात. फिती आहेत बघ.”

जोसीने पुढच्या टेबलाकडे बघितलं. फिती मोजल्या.

“मग माझी कुठली?”

“चल, जोसी,” शॉना म्हणाली.

आर्लीन उठली. लेनर्डने कानातलं यंत्र चाचपलं. आता काहीतरी ऐकण्यासारखं होणार, हे त्याला कळलं असावं.

“हात लावलास तिला?” ती गॉर्डनसमोर उभी राहिली. “दीडशे माणसं जेवताय त्याच्या नावाने, आणि त्याच्या पोरीला एक खुर्ची नाही?”

“आर्लीन, अगं, तूच तर म्हणालीस...” गॉर्डन कसनुसा झाला. “मार्चमध्ये. दोनच ताटं म्हणून.”

शॉनाने आर्लीनकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, पण तिला काही नवलच वाटलेलं दिसत नव्हतं.

“हो! म्हणाले!” आर्लीन ओरडली. “माझी अक्कल चरायला गेली होती! आणि तू ऐकलंस? पन्नास वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस, गॉर्डी, आणि नेमकं हेच ऐकलंस?”

“पण नियम आहे, आर्लीन. ती खुर्ची...”

“तो मेलाय! त्याला खुर्ची नको, पाणी नको, लिंबू नको! हिला हवंय!”

तिने पालथा ग्लास उचलला आणि धाडकन सुलटा ठेवला. शेजारच्या टेबलावरचा लिंबूसरबताचा जग घेऊन काठोकाठ भरला. थोडं टेबलक्लॉथवर सांडलं, तीनदा इस्त्री केलेल्या. मग तिने स्वतःच्या खुर्चीची फीत ओरबाडून काढली, खुर्ची फरफटत आणली आणि गोल टेबलाशी आदळली.

“बस,” ती शॉनाला म्हणाली. तिच्याकडे बघणं काही तिला जमलं नाही.

“नको, आम्ही...”

“बस म्हटलं ना! ताट आणते.”

शॉना बसली, अगदी कडेला, उठून जायची तयारी ठेवून. आर्लीनने दोन ताटं वाढून आणली, एकात दोन कोलाचे जास्त. जोसीने ग्लास अर्धा केला, ओठांवरची सरबताची मिशी पुसली, फोटोकडे एकदा बघून घेतलं आणि आरामात मागे रेलली. खुर्चीचे पुढचे दोन पाय हवेत गेले.

“चारही पाय जमिनीवर!”

गॉर्डनच्या हातातला कागद खाली पडला. खुर्ची खाडकन जमिनीवर आली. जोसीचे कान लाल झाले आणि ती आईकडे वळली.

“ही मला ओरडली!”

शॉनाने स्वतःची खुर्ची पुढे ओढून घेतली आणि काटा उचलला.

“हो,” ती म्हणाली. “घरच्यांनाच ओरडते ती.”