साडेचार बोटं

पॅरिसच्या फॅशनवाल्याची सही. डॅशबोर्डवर, पितळेत.

रोझ बेल गावाहून सकाळची बस. पिशवीत नारळ.

हस्तिदंती. याला रंग म्हणायचं नाही, छटा म्हणायचं.

तेलात कालवलेली हळद.

१९८३. बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या शोरूममध्ये, गजेंद्र गाड्या विकायचा. फॅशनवाल्याने सजवलेली स्पेशल एडिशन आली होती. आधी एकच, मागून आणखी तीन जहाजाने. ही खपली नाही तर नोकरी विसर, मालक म्हणाला होता. गावात मात्र गजेंद्रने सांगितलं, "माझी गाडी आली."

आईने ते खरं धरलं, आणि बसने थेट शोरूममध्ये आली.

तो फोनवर होता. वळून बघतो तर बॉनेटवर पिवळा पंजा.

"आई! काय केलंस हे?"

"नव्या गाडीला हात नको लावायला? तुला काय कळतंय, मो गारसों, माझ्या पोरा!"

पुसलं. साबण लावून पुसलं. पंजा तसाच. आईला मागच्या दाराने बसवर घातलं, आणि पुढच्या दारातून साखर कारखानदाराची बायको आत.

"की सा? हे काय?"

गजेंद्रच्या तोंडून निघून गेलं, "यातच तर स्पेशल आहे, मादाम."

ती वाकली. "करंगळी आखूड. किती धीट कल्पना!"

गाडी घेतली. मैत्रिणींना दाखवली. उरलेल्या तिन्ही गाड्या जहाजात असतानाच खपल्या, अट एकच: पंजा हवा. मालकाने पंजाची जाहिरात दिली.

जहाज लागलं. गजेंद्र रोझ बेलला धावला.

"चल आई, तीन गाड्यांना हात लावायचाय."

"कोणाच्या?"

"गिऱ्हाइकांच्या."

"आणि तुझी कुठाय?"

त्याने घड्याळाकडे बघितलं.

"ती पण तुझी नव्हती?"

तो हळदीची वाटी शोधू लागला.

"पोराची गाडी म्हणून हात लावला मी. मी काय पोस्टातला शिक्का आहे रे?" ती तांदूळ निवडायला बसली.

शोरूम. दार बंद. हळद, तेल. गजेंद्रने करंगळी दुमडली. हात टेकला. पंजा मोठा आला, पण चालला. दुसरी गाडी. तिसरी.

मादाम खूश. मालक खूश. पगार वाढला. करंगळी मात्र सरळ होईना: पावती फाडताना दुमडलेली, किल्ली देताना दुमडलेली, घरी भाताचा घास घेताना दुमडलेली.

वाढता वाढता आई थांबली. "बोटाला काय झालं?"

"काही नाही."

आईची अर्धी करंगळी १९५८ साली रोझ बेलच्या उसात, कोयत्याखाली गेली. गजेंद्र तेव्हा पोटात होता.