शोनाच्या नावासाठी भांडणारं चाक

मी एक जुनं तांब्याचं चाक आहे, मित्रांनो. कोटाच्या बटणाएवढं. गोड गोष्टीची वाट पाहू नका. माझा राग अजून गेलेला नाही.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या कलाशाळेत शोना किनीअर नावाच्या मुलीने तांब्याचा पत्रा कापून, कानशीने घासून मला घडवलं. काच कोरायच्या यंत्राच्या दांड्यावर मी गरगर फिरायचो. माझ्या कडेला तेल आणि कुरुंद या कठीण दगडाची पूड लावून शोना खालून काच टेकवायची आणि काचेवर चित्र उमटायचं. शिक्षण संपल्यावर सकाळी ती मुलांच्या पुस्तकांसाठी सील प्राण्यांची आणि समुद्रपक्ष्यांची चित्रं काढायची. दुपारी बेअर्डसाहेबांच्या काचकारखान्यात आम्ही कोरत बसायचो.

एका हिवाळ्यात जवळच्या फाइफच्या किनाऱ्यावरची मासेमारी बोट बुडाली. सात माणसं गेली. त्यांच्या आठवणीसाठी गावच्या बायकांनी चर्चमध्ये ठेवायला काचेचा मोठा वाडगा करायचं काम आमच्या कारखान्याला दिलं. शोना घरोघरी गेली. कोण कसा हसायचा, कसा उभा राहायचा, सगळं विचारून आली. अकरा आठवडे आम्ही खपलो. सातही जण जाळं ओढत काचेत उभे राहिले.

आणि बेअर्डसाहेबांनी खाली चिठ्ठी लावली: ‘रेखाटन व कोरीवकाम – आर्चिबाल्ड बेअर्ड’.

“साहेब, नाव चुकलंय,” शोना म्हणाली.

“काच माझी, भट्टी माझी, पगार माझा. तुझं काय गं त्यात, पोरी?”

“चाक माझं!” तिने मला दांड्यावरून उपसलं, खिशात टाकलं आणि नोकरी सोडली.

वाडगा चर्चला अर्पण केला त्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली होती. मी तिच्या खिशात धुमसत होतो. साहेबांचं कौतुक चाललेलं असताना यूफी गौर्ले ही बुडालेल्यांपैकी एकाची विधवा उठली.

“साहेब, हा माझा ॲन्ड्रा. याच्या डाव्या हाताला किती बोटं कोरलीत तुम्ही?”

“पाच. पाचच असतात की, बाई.”

“चार आहेत! एक दोराने तोडून नेलं. जिने कोरलंय तिला ठाऊक आहे, माझ्या चुलीपाशी बसून तिने विचारलं होतं. शोना, पुढे ये गं! चोरी त्याने केली, लपतेस तू?”

कानापर्यंत लाल झालेल्या साहेबांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी काढली. शोनाच्या नावाची दुसरी चिठ्ठी यूफीने लिहिली.

पुढे तीस वर्षं शोनाने स्वतःच्या शेडमध्ये काम केलं. प्रत्येक वस्तूखाली तिचंच नाव. ती गेल्यावर मी तिच्या कलाशाळेत आलो. तिथला कोरीवकामाचा वर्ग बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, आणि मी कपाटात कुलूपबंद. वर पाटी: ‘लुप्त झालेली कला’. लुप्त? माझी धार तपासली का कुणी?

मित्रांनो, सुंदर वस्तू दिसली की आधी विचारा, कुणी केली? आणि हे कुलूप काढा. मला कौतुक नको. तेल द्या, पूड द्या, आणि काच पुढे करणारा एक हात द्या.