लाल कोटातल्या बाईचं भांडण

आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षातून काही दिवस नळदुर्गला मुक्कामाला जातो. देव अमुक दिवशी परत आणून देऊ, असं नळदुर्गकर लेखी देतात, मगच देव हलतो. देव गेला की गावाला करमत नाही, म्हणून वाचनालयवाले त्या दिवसांत काहीतरी कार्यक्रम ठेवतात. यंदा आमच्या यांनी परदेशी सिनेमा ठेवला आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

आमचे हे म्हणजे उमाशंकर सर, हायस्कूलला मराठी शिकवतात. सिनेमा कुठल्या भाषेतला ते मला अजून माहीत नाही. एक जोडपं आपला थंड देश सोडून समुद्राकाठच्या दुसऱ्या देशात राहायला जातं आणि तिथं त्यांचं बिनसतं, एवढीच गोष्ट. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती गावात कोण वाचणार? म्हणून यांनी शक्कल काढली. संवाद आपल्या बोलीत लिहायचे, सिनेमाचा आवाज बारीक करायचा आणि पडद्याशेजारी बसून माईकवर वाचायचे. पुरुषाचे संवाद हे वाचणार, बाईचे वाचायला आरोग्य केंद्रातल्या महानंदा सिस्टर.

मला विचारलंसुद्धा नाही.

तीन आठवडे रोज संध्याकाळी आमच्याच ओसरीवर तालीम. सिस्टरचा आवाज गोड, हे मलाही मान्य. त्या आवाजावर पोरं हसत हसत सुई टोचून घेतात. पहिल्याच दिवशी मी चहा घेऊन गेले तर ती माझ्या नवऱ्याला म्हणत होती, "मला एकटीला टाकून कुठं जाऊ नका." आणि हे डोळे मिटून म्हणाले, "वा! अजून एकदा म्हणा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर आली की मी आत मिक्सर लावायचे. शेंगांची चटणी इतकी झाली की अर्ध्या गल्लीत वाटावी लागली.

"मंजे, आपल्या देवाला म्हाळसा हाय अन् बाणाई बी हाय," सासूबाई एकदा हसत म्हणाल्या. त्यांचं नावही म्हाळसाबाईच. "पण त्यो देव हाय. ह्यो माझा पोरगा चष्मा सापडंना तर गल्ली डोक्यावर घेतो. ह्याला कोण पळवून नेतंय?"

मला हसू आलं नाही. बारा वर्षांत या माणसानं माझ्या आवाजाला एकदाही "वा" म्हटलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. सिनेमा दिसायला सुंदर होता, खोटं कशाला बोलू. सगळं शहर निळ्या भिंतींचं आणि त्यातून लाल कोट घालून एकटीच फिरणारी ती बाई. घरात पांढरे पडदे, पांढरं टेबल, दोघं समोरासमोर जेवतायत. बाईनं मान वर केली आणि माईकवर सिस्टरचा आवाज आला, "तुमी समोर बसून जेवता, पण ताट कुणी वाढलंय ते बघत न्हाय."

मी दचकले. हे वाक्य माझं होतं. गेल्या दिवाळीत, माझ्या स्वयंपाकघरात, मी बोललेलं.

"मी उद्या मेले तर तुमी आधी इचाराल, चष्मा कुठं ठिवलाय."

हॉल हसला. मी पडद्यावर बघितलं. त्या परदेशी नवऱ्याला चष्मा नव्हताच!

मग एकामागून एक माझीच वाक्यं यायला लागली. माझे टोमणे, माझं रडणं, माहेरी निघताना दारात बोललेलं. सगळं त्या गोड आवाजात. पुढच्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. यांनी माझे दागिने नेऊन सिस्टरच्या अंगावर घातले असते तरी मला इतकं लागलं नसतं. माझं भांडणसुद्धा तिला देऊन टाकलं होतं.

त्यावर कडी म्हणजे, लाल कोटवाली बोलून थांबली आणि हे अगदी हळू म्हणाले, "चुकलं माझं."

दिवाळीत मी तेच बोलले तेव्हा हे म्हणाले होते, "आमटीत मीठ कमी हाय."

मी उठून उभी राहिले. "अहो! हे मला घरी का न्हाय म्हणालात?"

सगळ्या माना वळल्या. पडद्यावर ती बाई बोटीकडं चालली होती. यांच्या हातातला माईक चालूच होता. "घरी कवा म्हणू? तू मिक्सर लावतीस," हे म्हणाले.

हॉल पुन्हा हसला. सिस्टर मात्र हसली नाही. ती खुर्चीवरून उठली, माझ्यापर्यंत आली आणि कागद माझ्या हातात दिले. "वहिनी, तुमीच बसा. हे सिनेमातलं न्हाय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण तुमी चहा ठेवून आत जात होता, कधी सांगू?"

मी तिच्या खुर्चीत जाऊन बसले. पडद्यावर नवरा धावत धक्क्यावर आला. यांनी कागद बघून वाचलं, "जाऊ नको. मी सुधारंन."

माझ्या कागदावर लिहिलं होतं, इथं ती काही बोलत नाही. ती नसेल बोलत. मी माईक तोंडाजवळ धरला.

"नळदुर्गकर देवाचं बी लेखी देतात. तुमी काय देता?"

यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "तुझ्या हातात काय हाय मग?"

मी कागद चाळले. चाळीस पानं. बारा वर्षं मी भिंतीशी बोलतेय असं समजून जे जे बोलले, ते सगळं यांच्या बारीक अक्षरात, एकही शब्द न गाळता.

बोट सुटली, दिवे लागले. सिस्टर कागद मागायला आली. तेर गावच्या शाळेत पुढचा कार्यक्रम आहे म्हणाली.

मी दिले नाहीत. "तेरला मीच येणार हाय," म्हणाले.